काळ्या दगडावरची रेघ

आपल्या भाषेंत दगडाची प्रतिष्ठा मोठी विचित्र आहे. मंद बुद्धीच्या मुलास आपण दगड म्हणतों, निष्ठुर माणसाच्या काळजास दगडाची उपमा देतों, आणि कामांत आडवा येणारास मार्गांतील धोंडा ठरवितों. परंतु एखाद्या वचनाची निश्चिति सांगावयाची झाली म्हणजे त्याच दगडाची साक्ष काढून 'ही काळ्या दगडावरची रेघ' असें छातीठोकपणें सांगतों. महाराष्ट्रांतील मनुष्यास ही उपमा सुचावी हें स्वाभाविकच आहे. त्याच्या घराचें जोतें काळ्या दगडाचें, देव काळ्या दगडाचा, पाटा-वरवंटा काळ्या दगडाचा, आणि ज्या गडांवर त्याचा इतिहास घडला तेहि काळ्या दगडाचेच. जन्मापासून जो पदार्थ पायाखालीं कधीं हालला नाहीं, तो अढळ मानावा यांत नवल तें काय? या समजुतीची परीक्षा पाहण्याचा योग गेल्या मार्गशीर्षांत आम्हांस हरिहरेश्वरीं आला. त्या परीक्षेची हकीकत वाचकांस सांगावी असें वाटतें.

हरिहरेश्वर हें क्षेत्र रायगड जिल्ह्यांतील श्रीवर्धन तालुक्यांत, सावित्री नदीच्या मुखाशीं वसलेलें आहे. पेशव्यांचें मूळ गांव श्रीवर्धन येथून जवळच, आणि हरिहरेश्वर हें त्यांचें कुलदैवत म्हणून प्रसिद्ध. त्यामुळें पुणेरी मंडळींस हें नांव नवें नाहीं. येथील दर्शनाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम काळभैरवाचें दर्शन घ्यावयाचें, मग हरिहरेश्वराचें, आणि परततांना पुन्हा काळभैरवाचें. परंतु या क्षेत्राचें खरें वैशिष्ट्य देवळांत नसून देवळामागील डोंगरांत आहे. इतरत्र भाविक गाभाऱ्याभोंवतीं फिरतात. येथें प्रदक्षिणा सबंध डोंगरास घालावयाची असते, आणि तिचा मोठा भाग समुद्राच्या हद्दींतून जातो. भरती असतां तेथें पाण्याखेरीज कांहीं नसतें. ओहोटी झाली म्हणजे कड्याच्या पायथ्याशीं एक खडकाळ किनारा उघडा पडतो व थोडा वेळ माणसास चालूं देतो. डोंगराच्या दोन्ही अंगांस वाळूच्या सुंदर पुळणी आहेत आणि सुटीच्या दिवशीं तेथें जत्रा लोटते. पण मागच्या बाजूस, आडवारीं सकाळच्या प्रहरीं, लाटांच्या गर्जनेवांचून सोबतीस कोणी नसतें.

आम्ही तेथें गेलों तें मावशीकरितां. मावशीचें वय पंचाहत्तर. लग्न झालें त्या वर्षीं ती व आमचे काका यांनीं मिळून ही प्रदक्षिणा केली होती, आणि पुन्हा एकदां यावयाचें असें दोघांनीं त्याच वेळीं ठरविलें होतें. पुढें संसार, बदल्या, मुलांचीं शिक्षणें, मग मुलांचीं मुलें, अशा क्रमानें तें पुन्हा येणें पन्नास वर्षें लांबलें. आणि दीड वर्षापूर्वीं काका गेले. मावशीचे दोन्ही गुडघे आतां कामांतून गेल्यासारखे आहेत. डॉक्टरांनीं शस्त्रक्रिया सुचविली तेव्हां तिनें 'आतां या वयांत कशाला?' या एका वाक्यानें तो विषय संपविला. मात्र प्रदक्षिणेचा विषय तिनें संपूं दिला नाहीं. 'तेवढी एक होऊं दे, मग माझें कांहीं मागणें नाहीं,' हें बोलणें ती ज्या शांतपणें बोले, त्या शांतपणाचेंच आम्हांस अधिक भय वाटूं लागलें होतें. माणसानें मागणें संपवावें हें लक्षण बरें नव्हे. शेवटीं आमचे चिरंजीव, जे कॉलेजांत भूशास्त्राचा अभ्यास करीत आहेत, ते मावशीआजीस हात देण्यास व जमल्यास चार दगड पाहण्यास तयार झाले, आणि आम्ही तिघें निघालों.

ज्यांच्या घरीं उतरलों ते गृहस्थ वाडीवाले. जांभ्या चिऱ्याचें घर, पुढें अंगण, मागें नारळी-पोफळींची वाडी. प्रदक्षिणेचा बेत ऐकतांच त्यांनीं भिंतीवरील दिनदर्शिकेकडे दृष्टि टाकली व म्हणाले, "उद्यां वद्य प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे पाऊण वाजतां पूर्ण भरती, आणि साडेसहाच्या सुमारास सकाळची पुरी ओहोटी. दिवस उधाणाचे आहेत. पाणी लांब जाईल, पण येईल तेंहि जोरानें." चिरंजीवांनीं लागलीच आपल्या फोनवर भरतीचें कोष्टक काढून पाहिलें. फारशी तफावत निघाली नाहीं. तिथीच्या अंकास पाऊणपट करावें म्हणजे भरतीची वेळ निघते, हें गणित कोंकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां उगवतो, म्हणून भरतीहि रोज तेवढी मागें पडते. पाऊण तासाचा हिशेब त्याचेंच तोंडीं रूप. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचें आकर्षण एका ओळींत येतें व समुद्रास उधाण चढतें. अष्टमीच्या सुमारास तीं दोन आकर्षणें काटकोनांत पडून भांगाची मंद भरती येते. पंचांग आपण मुहूर्ताकरितां उघडतों. या लोकांस तें जीव वांचविण्याकरितां लागतें.

मार्गशीर्षाचे दिवस, नीट उजाडल्यावांचून मावशीस पायऱ्या उतरविणें शक्य नव्हतें. काळभैरवाचें व हरिहरेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही डोंगरावर चढलों तेव्हां साडेसात होत आले होते. वाडीवाले गृहस्थ आपण होऊन बरोबर आले होते. डोंगराच्या माथ्यावरून वाट एकाएकीं दोन कड्यांमधील अरुंद घळींत शिरते. वर आकाशाची चिंचोळी पट्टी, दोन्ही अंगांस काळोखी भिंत, आणि खालीं टोकाशीं एका फटींतून दिसणारा समुद्र. मावशी एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकीत उतरली. शेवटची पायरी संपतांच घळ सुटते आणि मनुष्य एकदम उघड्या खडकावर येतो.

समोरचें दृश्य पाहून प्रथम वाटतें कीं, येथें कोणी एक भव्य वास्तु उभारूं घातली होती व ती अर्धवट टाकून कारागीर निघून गेले. पायाखालीं ओट्यासारखा पसरलेला खडक, त्यांत जागोजाग डबकीं, उजेडांत चमकणारें शेवाळ, मध्येंच अंगावर शहारा आणणारे खोल चर. मागें उंच कडा; त्यांत लाटांनीं पोखरलेल्या गुहा. आणि त्या कड्याचें अंग! एका ठिकाणीं पिवळसर-तपकिरी रंगाच्या सबंध भिंतीस मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें शेंकडों खळगे पडले आहेत. कांहींत बोट मावेल, कांहींत डोकें. दोन खळग्यांमधील पडदे इतके पातळ कीं, वेळूच्या विणीची आठवण व्हावी. ज्या पदार्थावर रेघ ओढली असतां ती जन्मांत पुसत नाहीं असें आपण म्हणतों, त्याच पदार्थाची ही दशा होती.

चिरंजीवांनीं दिलेली उपपत्ति अशी. भरतीच्या वेळीं लाटांचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात. ऊन पडलें कीं पाणी उडून जातें व मीठ मागें राहतें. त्या मिठाचे स्फटिक वाढतांना भोंवतालच्या कणांस रेटा देतात, आणि एकेक कण सुटा होऊन गळून पडतो. खळगा एकदां पडला म्हणजे त्याच्या सांवलींत ओल अधिक टिकते, म्हणून मीठहि तेथेंच अधिक साचतें व खळगा आणखी खोल होतो. म्हणजे जें काम सुरुंगानें करावें लागेल असें वाटतें, तें येथें जेवणांतील चिमूटभर मिठानें केलें आहे. ओट्यावरील वाटोळे रांजणखळगे तर आणखी सोपे. खाचेंत अडकलेला गोटा लाटेबरोबर गरगर फिरतो व आपल्याच घराच्या भिंती घांशीत बसतो. कुकडी नदीच्या पात्रांत निघोज येथें हेंच काम नदीच्या पाण्यानें केलें आहे. आणि ज्या ओट्यावर आम्ही उभे होतों, तोहि मूळचा ओटा नव्हेच. लाटांनीं कड्याचा पायथा कापीत कापीत कडा मागें सारला. त्याचें तळाशीं जें उरलें तें हें जोतें.

"आणि हा दगड आला कोठून?" मावशीनें एका खडकावर टेकून विचारलें.

चिरंजीवांनीं हात सह्याद्रीच्या दिशेस केला. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं या भूमीस लांबलचक भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस वाहूं लागला. ज्वालामुखी म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर शंकूसारखा डोंगर येतो. तसें येथें मुख्यतः झालें नाहीं. रस भेगांतून उतू जाऊन सपाट पसरत गेला, निवाला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. सह्याद्रीचे कडे दुरून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते याच थरांमुळें. युरोपांतील शास्त्रज्ञांनीं या खडकास दिलेलें 'ट्रॅप' हें नांवहि पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेलें आहे. आजहि या थरांनीं सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. पुढें भूशास्त्राच्या हिशेबानें थोड्याच काळांत आज सेशेल्स बेटें म्हणून ओळखली जाणारी भूमि येथून तुटून दूर गेली, आणि मध्यें हा समुद्र शिरला.

सावित्रीचा उगम महाबळेश्वरीं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पांच नद्या तेथील पंचगंगेच्या देवळांत एकत्र पूजिल्या जातात. त्यांपैकीं कृष्णा पूर्वेची वाट धरून सुमारें १४०० किलोमीटरांचा प्रवास करते व बंगालच्या उपसागरास मिळते; सावित्री मात्र कडा उतरून पोलादपूर, महाडवरून थोडक्यांत समुद्र गांठते. महाबळेश्वरचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें १४०० मीटर उंच; तेथें जांभ्याच्या टोपीखालीं जे काळ्या दगडाचे थर आहेत, त्याच कुळांतील दगड येथें लाटांचा मार खात उभा आहे. नदी वरून त्याचेच कण आणते व त्याच्याच पायाशीं आणून टाकते. फार काय, ज्या जांभ्याचें आमच्या वाडीवाल्यांचें घर, तो तांबडा दगडहि कोंकणांत बहुतेक ठिकाणीं या काळ्या दगडाचाच वंशज. हजारों पावसाळ्यांनीं काळ्या दगडांतील विरघळणारें द्रव्य धुवून नेलें, मागें लोह व ॲल्युमिनियम राहिलें, आणि त्याचा जांभा झाला. खाणींतून काढतांना तो कुऱ्हाडीनें कापतां येतो व वाऱ्यावर राहून कठीण होतो, हें पाहून फ्रॅन्सिस बुकॅनन या प्रवाशानें १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यास विटेच्या लॅटिन नांवावरून लॅटेराइट असें नांव दिलें. तात्पर्य, काळा दगडहि कायमचा काळा नाहीं आणि कायमचा दगडहि नाहीं.

या श्रवणांत आमची पावलें सावकाश पडत होतीं. मावशीस दर वीस पावलांवर बसावें लागे. निम्म्याहून अधिक वाट झाली असेल नसेल, तों एक चर लागला. ओहोटीस तो कोरडा असतो म्हणे. आम्ही पोहोंचलों तेव्हां त्यांत घोट्याएवढें पाणी होतें, आणि दोन लाटांनंतर तें पोटरीस लागलें. वाडीवाले थांबले.

"मावशी, आतां फिरा."

"अर्धवट टाकून?" मावशीचा आवाज प्रथमच हालला. "पुढें कितीसें राहिलें आहे!"

"फार नाहीं. पण देव कोठें जात नाहीं. पाणी मात्र येतें."

अर्धी प्रदक्षिणा सोडून मागें फिरणें हें आपल्याकडे अशुभ समजतात. मावशी क्षणभर त्या चराकडे पाहत उभी राहिली. पन्नास वर्षें राखून ठेवलेली गोष्ट पांच पावलांपलीकडे असतां ती टाकून येणें म्हणजे काय, हें आम्हीं तिच्या मुद्रेवर वाचलें. आणि तिनें हट्ट धरला असता तर तिला अडविण्याचें धैर्य आम्हांस झालें असतें कीं नाहीं, कोण जाणे! परंतु तिनें समुद्रास हात जोडले व कांहीं न बोलतां पाठ फिरविली. परततांना ती कोठेंहि बसली नाहीं. घळीच्या पायऱ्या चढून मागें पाहिलें तों जेथें आम्ही चिरंजीवांचें व्याख्यान ऐकत होतों, त्या ओट्यावरून पांढरी लाट सरळ कड्यापर्यंत गेली. या वाटेनें आजवर माणसें वाहून गेलीं आहेत, हें वाडीवाल्यांनीं तेव्हां सांगितलें. अगोदर सांगून त्यांनीं मावशीस भेवविलें नाहीं, ही त्यांची थोरवी.

दुपारीं त्यांनीं आपली वाडी दाखविली. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां श्रीवर्धनच्या आसमंतांतील नारळी-पोफळींच्या बागा कांहीं तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचा लौकिक मोठा. पण पोफळीचें रोप लावल्यापासून फळ धरावयास पांच-सात वर्षें घेतें. यांच्या वडिलांनीं लावलेलीं झाडें त्या एका दिवसांत गेलीं. "दुसऱ्या दिवशीं वाडींत उभें राहिल्यावर आकाश दिसलें," ते म्हणाले, "जन्मांत येथून आकाश दिसलें नव्हतें." त्या पावसाळ्यांतच त्यांनीं नवीं रोपें लावलीं. त्यांतील कांहींस यंदा प्रथमच घोस आला होता. तो दाखवितांना त्यांचा चेहरा नातवंड दाखविणाऱ्या आजोबांसारखा झाला. मावशी त्या रोपांपाशीं बराच वेळ उभी होती. वादळाच्या वेळीं त्यांचें वय किती होतें, हें तिनें त्यांस दोनदां विचारलें. ते तेव्हां अडुसष्ट वर्षांचे होते.

रात्रीं अंगणांत बसलों असतां मावशीनें एकाएकीं विचारलें, "दगडाचीं तीं वर्षें किती म्हणालास?" चिरंजीवांनीं आंकडा पुन्हा सांगितला. तिनें थोडा विचार केला आणि म्हणाली, "अग बाई! म्हणजे याच मन्वंतरांतला!"

आम्ही हंसलों, पण मग कागद घेऊन बसलों. काका नित्य पूजेच्या आरंभीं संकल्प म्हणत, त्यामुळें तिच्या कानावर पन्नास वर्षें तो पडलेला. त्यांत प्रथम कल्पाचें नांव येतें, मग वैवस्वत मन्वंतर, मग त्यांतील अठ्ठाविसावें महायुग, मग कलियुग. एक महायुग ४३ लक्ष २० हजार वर्षांचें. सत्तावीस उलटलीं व अठ्ठाविसाव्याचेंहि तीन चरण गेले, म्हणजे हें मन्वंतर लागून १२ कोटींहून थोडीं अधिक वर्षें झालीं. हरिहरेश्वरचा दगड ६ कोटी ६० लक्षांचा. तो खरोखरच मावशीच्या मन्वंतरांतला निघाला. यावरून आमच्या पूर्वजांस भूशास्त्र अवगत होतें असें म्हणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं; तो आंकड्यांचा योगायोग आहे. परंतु एवढे मोठाले आंकडे ज्या घरांत रोज सकाळीं तोंडानें घोळले जात, त्या घरांतील बाईस कोटी वर्षांची भीति वाटत नाहीं, हें मात्र आम्हीं पाहिलें.

अशा स्थळीं गेल्यावर लेखकानें मनुष्याच्या क्षुद्रत्वाविषयीं चार उसासे टाकावे असा संप्रदाय आहे. आम्हांस तेथें उलट वाटलें. संकल्प कल्पापासून आरंभ करतो खरा, पण तो तेथें थांबत नाहीं. संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष अशा पायऱ्या उतरत तो आजच्या तिथीवर येऊन टेकतो, आणि मग काय करावयाचें तें सांगतो. कोट्यवधि वर्षें एका श्वासांत म्हणून टाकावयाचीं. काम करावयाचें तें तिथीस. आणि हीच ती तिथि, जिची पाऊणपट केली म्हणजे समुद्र वाट केव्हां देईल हें कळतें. ज्या गृहस्थांनीं आम्हांस मागें फिरविलें, त्यांनीं खडकाच्या अक्षयतेवर विसंबून वाडी लावलेली नाहीं. ती पांच-सात वर्षांच्या हिशेबावर लावली आहे, तीहि अडुसष्टाव्या वर्षीं. काळ्या दगडावरची रेघसुद्धां पुसते, हें या लोकांस शास्त्र न शिकतां ठाऊक आहे. म्हणून ते रेघ ओढावयाची टाळीत नाहींत. पुसली तर पुन्हा ओढतात.

दुसऱ्या दिवशीं द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे ओहोटी सव्वासातास. पाऊण तासाचा हा लाभ समुद्रानें आपण होऊन दिला होता. उजेडाची पहिली रेषा दिसतांच आम्ही काळभैरवापुढें हजर झालों, आणि घळ उतरलों तेव्हां पाणी अजून मागें हटत होतें. कालचा चर कोरडा होता. मावशीनें तो ओलांडतांना कोणाचाहि हात घेतला नाहीं. पलीकडे गेल्यावर ती थांबली, ओट्यावरील एका डबक्यांत दोन्ही हात बुडवून तिनें डोळ्यांस लावले, आणि मग हळूहळू, बसत-उठत, सबंध डोंगर वळून वाळूच्या पुळणीवर आली. पावणेदोन तास लागले. काका बरोबर असते तर ते पुढें निघून गेले असते व मला ओरडावें लागलें असतें, असें ती म्हणाली, आणि हंसली.

परतीच्या वाटेवर तिनें वाडीवाल्यांस विचारलें कीं, घोस चांगला भरावयास अजून किती वर्षें लागतील. ते म्हणाले, दोन-तीन. "मग मी तेव्हां येईन," असें सांगून ती गाडींत बसली.

पुण्यास पोहोंचल्यावर आठवडाभरांत तिनें गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरविला. डॉक्टरांनीं दिलेल्या तारखेस तिथि कोणती येते, हें मात्र तिनें अगोदर पाहून घेतलें.